मांजरीचा धूर

पुणे-दौंड लाइनवरच्या लोकांना अंतर किलोमीटरमध्ये सांगता येत नाही, आम्ही स्टेशनं मोजतो. केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मग मांजरी. खुटबाव हे माझं घर आणि मांजरी म्हणजे मावशीचं, म्हणजे तेही माझंच! 2021 च्या जानेवारीत मी दहावीत होते. गावाकडे रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात, म्हणून ऑनलाइन क्लाससाठी मुक्काम मावशीकडे.

21 जानेवारी, गुरुवार. दुपारचे पावणेतीन वाजून गेले असतील. मावशी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं, कुणीतरी पाचट पेटवलंय बघ!" मी वर गेले. आम्ही उसाच्या भागातली माणसं, पाचटाचा धूर ओळखतो. तो पांढुरका असतो, आडवा पसरतो. हा काळाकुट्ट होता आणि सरळ वर चढत होता. पाचट नाही, बिल्डिंग पेटली होती.

मी म्हणत होते "फायर ब्रिगेड", मावशी म्हणत होती "बंब". तेवढ्यात सायरन ऐकू यायला लागले. शेजारच्या गच्च्या भरल्या आणि कुणीतरी म्हणालं, सीरममध्ये आग लागली.

पाचच दिवसांपूर्वी, 16 जानेवारीला, देशात कोरोनाची लस द्यायला सुरुवात झाली होती, आणि कोविशिल्ड इथलीच. त्यामुळे सगळ्यांच्या मोबाइलवर एकच प्रश्न : लस सुरक्षित आहे ना? खुटबावहून पप्पांचा फोन, तोच प्रश्न. मावशी मात्र एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. दादाचा.

दादा वायरमन. ठेकेदाराकडे कामाला. आज हडपसर, उद्या फुरसुंगी, परवा मांजरी... साइट रोज बदलायची, आणि सकाळी डबा घेऊन जाताना तो कधी सांगायचा नाही. फोन "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". मावशी रडली नाही. कपड्यांच्या घड्या घालत बसली, तेच कपडे दोनदा.

टीव्हीवर सांगत होते, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आग लागली, लशीचं उत्पादन दुसरीकडे होतं, लस सुरक्षित. जीवितहानी नाही, असंही आधी आलं. मग पट्टी बदलली. वरच्या मजल्यावर पाच मृतदेह सापडले. पाचही बांधकामावरचे मजूर. मावशीने टीव्ही बंद केला.

सातच्या सुमाराला दादाची गाडी दारात लागली. फुरसुंगीला तळघरात काम होतं, तिथे रेंज नव्हती. मावशीने आधी शिव्या घातल्या, मग चहा टाकला. त्याच वेळी त्या इमारतीत पुन्हा आग भडकल्याची बातमी आली.

पुढे कळलं, गेलेल्यांत दोघे पुण्याचे, दोघे उत्तर प्रदेशचे आणि एक बिहारचा. तेव्हाचे महापौर मुरलीधर मोहोळ यांनी वेल्डिंगच्या कामामुळे आग लागली असावी, अशी शक्यता सांगितली होती. कंपनीने प्रत्येक कुटुंबाला 25 लाख जाहीर केले. त्या रात्री दादा जेवता जेवता एवढंच म्हणाला, "आमच्याकडे जिना असतो एक, आणि त्यातच माल रचलेला." मावशी म्हणाली, "जेव गुपचूप."

आता मी मेकॅनिकलला आहे. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा जॉब केला तेव्हा ठिणग्या किती लांब जातात ते पाहिलं. नियमात 35 फुटांपर्यंतचं जळाऊ सामान हलवा किंवा झाका असं म्हटलंय ते उगीच नाही! काम संपल्यावरही एका माणसाने निदान अर्धा ते एक तास तिथेच थांबून नजर ठेवायची असते, कारण ठिणगी इन्सुलेशनच्या आत जाऊन धुमसत राहते. आणि ज्वाळेच्या आधी धूर पोचतो, जिन्यातून वर. वरच्या मजल्यावरच्या माणसाला आग दिसतही नाही. पेपरमध्ये हे पाच मार्कांना येतं. ठेकेदाराच्या हिशेबात तो एक तास म्हणजे एका माणसाची फुकटची मजुरी.

दादा अजून साइटवरच जातो, आता चार पोरं त्याच्या हाताखाली आहेत. दिवाळीत त्याने विचारलं, "ते हॉट वर्क परमिट काय असतं गं?" मी फॉर्म पाठवला. त्याचं उत्तर आलं, "इंग्रजीत आहे. पोरांना काय वाचून दाखवू?" म्हणून सध्या तो मराठीत करतेय. कॉन्व्हेंटमधलं मराठी, त्यामुळे दर दोन ओळींना मावशीला फोन! 'फायर वॉचर'ला काय म्हणायचं, तिथे अडलं होतं. मावशी म्हणाली, "राखण्या लिही. रात्री उसाला पाणी देताना मोटरीपाशी बसवतात, तो." तेच लिहिलंय.