अर्ज पुन्हा भरताना

परत आलेला अर्ज पुन्हा भरायला बसलं की हात आधी जुन्या फाइलकडे जातो. नाव, पत्ता, पदव्या, जन्मतारीख एवढं मी यंदाही त्या फाइलमधून उतरवून घेतलं. निवेदन मात्र कोऱ्या पानावर सुरू केलं. जुनं निवेदन वाईट नव्हतं. पण ते लिहिणारी शिक्षिका आणि आज लिहायला बसलेली शिक्षिका यांच्यामध्ये एक वर्ग उभा राहिला आहे, आणि मला आता त्या वर्गाबद्दल लिहायचं आहे.

अर्ज आहे फुलब्राइट परदेशी भाषा अध्यापन साहाय्यक या पाठ्यवृत्तीचा. अमेरिकेतलं एखादं विद्यापीठ किंवा कॉलेज आपल्याकडचा तरुण शिक्षक एका शैक्षणिक वर्षासाठी बोलावतं. त्याने तिथल्या मुलांना आपली भाषा शिकवायची, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. सोबत स्वतःही दर सत्रात दोन विषय शिकायचे, त्यातला एक अमेरिकेविषयीचा. पदवी मिळत नाही. वर्ष संपलं की परत यायचं. भारतात हे काम दिल्लीची युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन पाहते. ही संस्था २ फेब्रुवारी १९५० रोजी दोन देशांत झालेल्या करारातून उभी राहिली. अर्जदाराचं वय २१ ते २९ असावं लागतं. म्हणजे पुन्हा अर्ज करायला आयुष्यभराची सवड नसते. पुन्हा भरायचा तर मधला काळ वाया घालवून चालत नाही.

मी भिवंडीची. घरात आम्ही कोकणी बोलतो, आमच्या कोकणी मुसलमान घरांतली, मराठीच्या अगदी जवळची. शाळा उर्दू माध्यमाची. गल्लीत हिंदी, बाजारात मराठी, पद्मानगरकडे गेलं की पद्मशाली विणकरांची तेलुगू. कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते, आणि वर्गातल्या बहुतेक मुली माझ्यासारख्याच उर्दू माध्यमातून आलेल्या असतात. अमेरिकेत शिकवायची आहे ती उर्दू. तिथे अनेक ठिकाणी हिंदी आणि उर्दू एकाच छताखाली शिकवतात. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात तर हिंदी-उर्दू फ्लॅगशिप असा एकत्र कार्यक्रमच चालवला गेला. ज्याच्या कानात या दोन्ही भाषा लहानपणापासून एकत्र मुरल्या आहेत, त्या भिवंडीकराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या अर्जात मी उर्दूवरच्या प्रेमाबद्दल लिहिलं होतं. आजोबांची पुस्तकं, मुशायऱ्याच्या रात्री, शाळेतली बैतबाजी, म्हणजे शेरांची अंताक्षरी. ते सगळं खरं होतं आणि आजही आहे. पण भाषेवर प्रेम असणं आणि ती परक्याला शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. मला उर्दू कधी शिकावीच लागली नव्हती, ती मिळालेली होती. आणि मिळालेल्या गोष्टीत शिकणाऱ्याला अडचण कुठे येते ते मिळालेल्याला दिसत नाही. म्हणून निकाल कळल्यानंतर मी आमच्या घराच्या माडीवर शनिवार-रविवारचा वर्ग सुरू केला. अट एकच होती: येणाऱ्याला उर्दूचं एकही अक्षर येत नसावं.

आले ते बहुतेक मराठी घरांतले. बँकेत नोकरी करणारे एक काका, एक परिचारिका, वकिलीच्या शेवटच्या वर्षातला एक मुलगा, निवृत्त शिक्षिका असलेल्या एक आजी. बोललेली उर्दू सगळ्यांना समजत होती, सिनेमा आणि शेजार यांनी ते काम आधीच केलेलं. अडत होतं ते लिपीपाशी. बे, पे, ते, से या चार अक्षरांचं अंग एकच. खाली एक नुक्ता, म्हणजे ठिपका, दिला की बे, खाली तीन दिले की पे, वर दोन की ते, वर तीन की से. हे एका तासात जमतं. खरी पंचाईत पुढे आहे. अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मधे दुसरं, शेवटी तिसरं. अलिफ, दाल, रे, वाव अशी काही अक्षरं तर पुढच्या अक्षराचा हात धरतच नाहीत. देवनागरीत वाढलेल्या डोळ्याला प्रत्येक अक्षर सुटं पाहायची सवय असते. मी फळ्यावर शब्द लिहून दाखवायचं थांबवलं आणि शब्द लिहिताना हात कसा चालतो ते दाखवायला लागले. आधी एका दमात पूर्ण रेघ, मग मागे येऊन नुक्ते. आजींना ते सगळ्यांच्या आधी जमलं. त्यांना मोडी येत होती, आणि लेखणी न उचलता लिहिण्याची सवय त्यांच्या हातात होती.

बँकेतल्या काकांनी विचारलं, "मॅडम, एकाच आवाजाला चार अक्षरं कशाला?" ज़मीन ज़ेने लिहितात, ज़रा ज़ालने, ज़रूर ज़्वादने आणि ज़ालिम ज़ोयने. उच्चार चौघांचा एकच. मी त्यांना सांगितलं की अरबीत हे आवाज वेगळे आहेत. उर्दूने शब्द घेताना लिहिण्याची रीत ठेवली आणि बोलणं आपलं ठेवलं. मग विचारलं, "काका, तुम्ही 'श' आणि 'ष' बोलताना वेगळे काढता का?" ते हसले, आणि पुढच्या शनिवारी चारही अक्षरांचे शब्द चार रकान्यांत लिहून घेऊन आले. मराठी माणसाला 'ज़' शिकवणं सोपं जातं, कारण 'जाड'मधला ज आणि 'जीव'मधला ज वेगळे काढायची सवय त्याच्या जिभेला आहे. त्याला फक्त दाखवून द्यावं लागतं की ही गोष्ट तुझ्याकडे आहेच.

पण शिकवणं म्हणजे काय हे मला सगळ्यात जास्त समजलं ते गोदामात काम करणाऱ्या एका तमिळ गृहस्थांमुळे. मानकोली, दापोडा, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यात गोदामं उभी राहिली तशी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे आली. या गृहस्थांना लिपी नको होती, बोलणं हवं होतं. ते विचारायचे, "काना हो गया?" त्यांना म्हणायचं असायचं, "खाना हो गया?" तमिळमध्ये ख, थ, फ असे हवेचे आवाज शब्दाचा अर्थ बदलत नाहीत, म्हणून त्यांच्या कानाला क आणि ख एकच. मी पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायचे, पण शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग सुरू असताना एवढा बारीक फरक कुणाला ऐकू येणार? जे ऐकू येत नाही ते डोळ्यांना दाखवावं लागतं. खिडकीच्या चौकटीवर रुईचे तंतू कायम साचलेले असतात. त्यातला एक उचलून मी त्यांच्या तळहातावर ठेवला आणि हात ओठांसमोर धरायला सांगितलं. "पल" म्हणा, तंतू जागेवर राहिला पाहिजे. "फल" म्हणा, तंतू उडाला पाहिजे. पहिल्यांदा तो हललाच नाही. मग उडाला. त्यांनी दुसरा उचलला आणि मी काही न सांगता "काना, खाना" सुरू केलं.

त्या संध्याकाळी मला माझा दिवसाचा वर्ग आठवला. तिथे मी याच्या उलट करत असते. इंग्रजी बोलणारे शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क या आवाजांत आपोआप हवा सोडतात. आपल्या मुली 'पेन' म्हणताना ती सोडत नाहीत, आणि मी त्यांना सोडायला सांगते. म्हणजे उद्या अमेरिकेतला विद्यार्थी माझ्यासमोर बसला तर त्याचा तंतू उडू नये तिथे उडणार. त्याचं "पल" माझ्या कानाला "फल" वाटणार. उपाय त्याच्याच भाषेत आहे. 'स्पिन' म्हणताना, स नंतरच्या प मधून, तोसुद्धा हवा सोडत नाही. त्याला 'स्पिन' म्हणायला लावायचं, मग आधीचा स मनात ठेवून फक्त पुढचं बोलायला सांगायचं. ट आणि त मधला फरक त्याला त्याहून जड जाणार, कारण त्याची जीभ दातांना टेकत नाही आणि मागेही वळत नाही, मधेच कुठेतरी थांबते. मराठी माणसाला लिपी अडते, तमिळ माणसाला हवा, अमेरिकन माणसाला दोन्ही आणि वर जीभ. धडा एकच, पण प्रत्येकाची ठेच वेगळ्या दगडाला. शिक्षकाने तो दगड आधी चाचपून ठेवायचा असतो. माझ्या नव्या निवेदनात मी हेच लिहिलं आहे, तमिळ गृहस्थांचा तास पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत.

हे काम आजचं नाही. १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं ते कंपनीच्या साहेबांना इथल्या भाषा शिकवायला. तिथे हिंदुस्तानी शिकवणाऱ्या गिलख्रिस्टच्या हाताखाली मुन्शी नेमले गेले, आणि मीर अम्मनचं 'बाग-ओ-बहार' हे उर्दू गद्यातलं मानाचं पुस्तक मुळात त्या साहेबांसाठी सोप्या बोलीत लिहिलेलं पाठ्यपुस्तक होतं. तिथेच विल्यम कॅरी मराठी शिकवायचा आणि पंडित वैजनाथ त्याला साहाय्य करायचे. कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली आलं. १८८७ साली आग्र्याहून लंडनला गेलेल्या अब्दुल करीमने व्हिक्टोरिया राणीला उर्दू शिकवली, आणि उतारवयातल्या त्या बाईने वह्याच्या वह्या लिहून काढल्या. मुन्शी, पंडित, साहाय्यक ही माणसं पाहिली की एक गोष्ट ठळक दिसते. परक्याला भाषा शिकवताना त्यांना आपलीच भाषा नव्याने मांडावी लागली, आणि त्या मांडणीतून पुढच्या पिढीला व्याकरणं, कोश, पुस्तकं मिळाली.

उलट्या दिशेचं उदाहरण आपल्याकडे फलटणला आहे. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या, मराठी शिकल्या, इथल्याच झाल्या, आणि जाई निंबकरांबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तकं तयार केली, ती १९७५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने काढली. पुढे त्यांनी फलटणच्या मुलांना वाचायला शिकवण्याचं मोठं काम उभं केलं. मला या दोन कामांमधला धागा फार मोलाचा वाटतो. मोठ्या माणसाला परकी भाषा शिकवताना जे कळतं, ते लहान मुलाला स्वतःच्या भाषेत वाचायला शिकवताना उपयोगी पडतं. दोघंही अक्षराशी पहिल्यांदा भेटत असतात.

पुन्हा अर्ज करताना शिफारसपत्रंही पुन्हा मागावी लागतात, आणि इथे पुष्कळ जणी संकोच करतात. गेल्या वेळी ज्यांनी पत्र दिलं त्यांच्याकडे परत कुठल्या तोंडाने जायचं? मी माझ्या सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, पुन्हा त्रास देते. पण या वेळी पत्र लिहिण्याआधी एकदा माडीवर या." ते आले, मागच्या बाजूला आजींशेजारी बसले, आणि तासाभरात स्वतःचं नाव उर्दूत लिहून गेले. जुन्या पत्रात त्यांनी माझ्या गुणपत्रिकेबद्दल लिहिलं होतं. नव्या पत्रात काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, वाचायचंही नसतं. पण ते पत्र त्यांनी पाहिलेल्या तासाबद्दल असणार एवढं नक्की. दुसरं पत्र मी परिचारिकाबाईंच्या वरिष्ठांकडून घेतलं, कारण वॉर्डमध्ये औषधाच्या चिठ्ठीवर रुग्णाने उर्दूत लिहिलेली ओळ आता बाई वाचून दाखवतात, हे वरिष्ठांनी रोज पाहिलं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण आमच्याकडे त्यातच वर्ष निघून जातं. उर्दू शाळेच्या दाखल्यावर नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, पदवीवर तिसऱ्या, असं घरोघरी आहे. जाहिरात निघायची वाट न बघता ते आधी एकसारखं करून घ्या आणि पासपोर्ट काढून ठेवा. निवेदनासाठी डोकं मोकळं राहतं.

पाठ्यवृत्तीची एक अट मला विशेष पटते. तिच्यासाठी मिळणाऱ्या व्हिसावर जाऊन आलेल्याला मायदेशी दोन वर्षं राहिल्याशिवाय सहसा तिकडच्या नोकरीचा किंवा कायमच्या वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही. काही जणींना ही अडवणूक वाटते. मला वाटतं, परत येणं हा त्या कामाचाच अर्धा भाग आहे. तिकडच्या वर्गात मोठी माणसं कशी शिकतात, चाचणी कशी घेतात, एकाच तासात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं कसं बसवतात, ते इथे येऊन कुणाला तरी उपयोगी पडलं पाहिजे. भिवंडीत मराठी न येणारी उर्दू माध्यमाची हजारो मुलं आहेत. त्यांना नोकरीच्या वेळी मराठी अडते, आणि त्यांना ती परकी भाषा म्हणून, पहिल्या अक्षरापासून, मायेने शिकवणारं कुणी नसतं. गावात उर्दू वाचू इच्छिणारी मराठी माणसं आहेत, हिंदी शिकू पाहणारे दक्षिणेकडचे कामगार आहेत. एवढ्या भाषा एका गावात नांदत असताना भाषा शिकवण्याचं शास्त्र मात्र इथल्या प्रत्येक मुलीला बाहेरून शोधून आणावं लागतं, हे मला सलतं.

म्हणून ज्या मुली मला विचारतात, "बाजी (ताई), परत भरू का?", त्यांना मी सांगते, भर, पण आधी वर्ग काढ. दोन माणसं मिळाली तरी पुरेत. त्यांना तुझी भाषा मुळीच येत नसावी. ती कुठे अडतात ते रोज वहीत लिहून ठेव, आणि अडल्यावर तू काय केलंस तेही. सहा महिन्यांनी ती वही उघडून निवेदन लिही. मुलाखतीत विचारतील की तुम्ही शिकवता कसं, तर त्या वहीतलं एक पान सांग. माझा अर्ज गेला आहे, आणि माडीवर आता नवी तुकडी बसली आहे. तीत तेलुगू घरातल्या दोघी बहिणी आहेत. त्यांची अडचण कुठे आहे ते मला अजून नीट सापडलेलं नाही. येत्या शनिवारी मी आधी तेच शोधणार आहे.