अर्धी भाकरी

माणसाच्या देहाचें माप आपल्या भाषेनें फार पूर्वींच ठरवून ठेवलें आहे. अंगानें भरलेला तो 'खात्यापित्या घरचा', आणि अंगानें उतरलेला तो 'वाळलेला' किंवा 'खंगलेला'. जाड्या माणसाची आपण थट्टा करूं, पण काळजी करणार नाहीं. वाळलेल्याची थट्टा न करतां त्याच्या घरीं सारें ठीक आहे ना, अशी हलक्या आवाजांत चौकशी करूं. अशा समाजांत एखाद्यानें सव्वीस महिन्यांत तेहतीस किलो वजन उतरविलें, तर त्याचा जबाब डॉक्टरांच्या आधीं आप्तेष्टांस द्यावा लागतो. तो देण्याचा प्रसंग आमच्यावर आला, आणि त्यांतून जें कांहीं उमगलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें वास्तव्य कुर्डुवाडीस. उंची पांच फूट सात इंच. आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं वजन ११२ किलो, कंबर ४६ इंच, अशी आमची स्थिति होती. स्टेशनावरील पूल चढतांना मध्येंच थांबून गाड्यांच्या फलकाकडे पाहण्याची संवय आम्हांस जडली होती. फलक वाचावयाचा नसे, दम घ्यावयाचा असे. पुढें रक्तांतील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली, तेव्हां मात्र विषय थट्टेचा राहिला नाहीं. आमचे वडील मधुमेहानेंच गेले. अखेरच्या दोन वर्षांत त्यांच्या पायाचीं दोन बोटें काढावीं लागलीं होतीं, आणि ती जखम रोज धुण्याचें काम आमच्या आईनें केलें होतें. आमचा मुलगा त्या वेळीं चौदा वर्षांचा होता. तेंच काम पुढें त्याच्या वांट्यास यावें कीं काय, एवढाच प्रश्न आमच्यापुढें उरला होता.

आपल्या लोकांचा देह या बाबतींत विशेष नाजूक आहे, ही गोष्ट एका मराठी मुलखांतील वैद्यानें जगास दाखवून दिली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन या दोघां मित्रांनीं आपलींच शरीरें उदाहरणादाखल २००४ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत मांडलीं. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागलें असतां जो आंकडा येतो, तो दोघांचाहि २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या देहांत चरबी ९.१ टक्के निघाली, आणि याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठीं मर्यादा खालीं आणली आहे. २३ च्या पुढें वजन अधिक आणि २५ च्या पुढें स्थूलता, असें आपल्याकडील वैद्य मानतात. आमचा आंकडा ३९ च्या आसपास होता.

वजन झपाट्यानें उतरविण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, आणि ते सारे कांहीं काळ लागू पडतात, हीच त्यांतील अडचण. महिनाभर फळांचा रस पिऊन राहिल्यास चार-पांच किलो खरोखरच उतरतात; फक्त तें उतरलेलें टिकत नाहीं. मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं ३६ निरोगी तरुणांस सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवलें होतें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें, परंतु मन अन्नावांचून दुसऱ्या कशांतहि रमेना. कित्येक जण पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसत; आणि बंधन उठल्यावर पोट तुडुंब भरूनहि त्यांची भूक शमत नसे. पुढें २०१६ सालीं केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनीं, वजन उतरविण्याच्या एका अमेरिकन दूरदर्शन-स्पर्धेंतील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनंतरची पाहणी प्रसिद्ध केली. बहुतेकांचें बरेंचसें वजन परत आलें होतें. शिवाय त्यांचा देह विश्रांतींत जेवढी ऊर्जा खर्च करावयाची, तीपेक्षां दिवसाकांठीं सुमारें ५०० उष्मांक कमीच खर्च करीत होता. देह हा जुन्या वळणाचा खजिनदार आहे. आवक एकाएकीं तुटली कीं तो दुष्काळ पडला असें समजतो, आणि तिजोरीचें दार घट्ट लावून घेतो.

दुष्काळ हा शब्द आमच्या मुलखास नवा नाहीं. आमचा माढा तालुका मुळांत कोरडवाहू ज्वारीचा. १९८० सालीं भीमेवरील उजनी धरण पुरें झालें, पाणी आलें, आणि ज्वारीच्या रानांत ऊस उभा राहिला. त्या पाण्यानें अनेक घरांचें दैन्य हटविलें. त्याविषयीं कोणींहि कृतघ्न होऊं नये. परंतु पाण्याबरोबर सुबत्ता आली, सुबत्तेबरोबर दुचाकी आली, आणि चालणें थांबलें. खाणें मात्र वाढत गेलें. आम्हीं एकदां आपल्याच चहाचा हिशेब मांडला. दिवसाचे पांच कप, कपास दोन लहान चमचे साखर; चमच्याचे चार ग्रॅम धरले तरी दिवसाचे ४० ग्रॅम. म्हणजे वर्षाकांठीं साडेचौदा किलो साखर, आणि तीहि केवळ चहांतून! हा आंकडा पाहिल्यावर दुसऱ्या कोणत्याहि उपदेशाची आम्हांस गरज भासली नाहीं.

जेवणाच्या वेळांचा धडा मात्र आम्हांस गांवाच्या इतिहासांत सांपडला. कुर्डुवाडी हें वेळापत्रकावर वाढलेलें गांव. १८९७ सालीं येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढें ती पंढरपूर, लातूर आणि मिरज येथपर्यंत पोहोंचली. तिचा शिल्पकार एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याचें सूत्र असें होतें कीं, कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार न टाकतां तो सर्व आंसांवर सारखा वांटला, म्हणजे हलक्या रुळांवरूनहि जड माल नेतां येतो. ती अरुंद गाडी रुंदीकरणानंतर इतिहासजमा झाली. पण वेळ पाळणें आणि भार वांटणें हे तिचे दोन्ही गुण जेवणासहि लागू पडतात. त्याच मार्गावरील लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं, कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढें नेऊन, दिवसांतून दोनच वेळां आणि प्रत्येक वेळीं ५५ मिनिटांच्या आंत जेवावें, असा प्रचार महाराष्ट्रभर केला आहे. आमच्या प्रकृतीस दोनांऐवजीं तीन वेळा मानवल्या. परंतु दोन जेवणांच्या मध्यें कांहीं खाऊं नये, हें त्यांतील तत्त्व आम्हीं उचललें. मधुमेहाचीं औषधें चालू असणाऱ्यांनीं मात्र आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून जेवणाच्या वेळा बदलूं नयेत.

आमची पद्धति सांगण्यासारखी अद्भुत नाहीं. चहांतील साखर दोन चमच्यांवरून शून्यावर आणण्यास आम्हीं पांच महिने घेतले. जेवण सकाळीं आठ, दुपारीं एक आणि रात्रीं साडेसात वाजतां. पानांत प्रथम मटकीची किंवा हुलग्याची उसळ, पालेभाजी, काकडी आणि दही, मग भाकरी. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठांत उष्मांकांचा फारसा फरक नाहीं, हें येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. भाकरी ही कांहीं औषध नव्हे. परंतु मालदांडीची भाकरी तेलावांचून होते, ती चावून खावी लागते, आणि किती खाल्ल्या तें मोजतां येतें. शेंगांची चटणी आम्ही सोडली नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत राहून ती सोडणें म्हणजे स्वधर्मत्याग! पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपांचशेंहून अधिक उष्मांक असतात, हें कळल्यापासून ती चमच्यानें मोजून घेतों. सणाच्या दिवशीं पुरणपोळी खातों, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचें प्रायश्चित्त घेत नाहीं. रात्रीं जेवल्यावर पाऊण तास चालणें, आणि दर रविवारीं वजन पाहणें, एवढ्यावर सारी यादी संपते.

या सर्वांत एक नियम मुख्य होता: घरांत आमच्यासाठीं वेगळा स्वयंपाक होणार नाहीं. आमची पत्नी शाळेंत शिकविते; सकाळच्या घाईंत दोन प्रकारचीं जेवणें रांधण्याचा भार जिच्यावर पडतो, तिचें घर असला आहार सहा महिन्यांहून अधिक पेलूं शकत नाहीं. जें सर्वांनीं एकत्र बसून वर्षानुवर्षें खातां येईल तेंच टिकतें. पहिल्या सहा महिन्यांत बारा किलो उतरले. पुढें गति मंदावली. ९१ आणि ९२ यांच्यामध्यें कांटा चार महिने अडून राहिला. सरासरी पाहूं गेल्यास महिन्यास सव्वा किलो. जें एकंदर उतरलें, तें पंधरा किलोंचे तेलाचे दोन डबे आणि वर तीन किलोंची पिशवी, एवढें होतें. तें ओझें घेऊन आम्ही तो पूल इतकीं वर्षें चढत होतों!

खरी परीक्षा पुढेंच होती. १९७२ च्या दुष्काळांत आमची आई बारा वर्षांची होती. खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची परदेशी लाल मिलो खाऊन तिनें तें वर्ष काढलें. मिलोच्या भाकरीची चव ती आजहि तोंड वांकडें करून सांगते. आपलें मूल अंगानें भरलेलें असावें, ही तिच्या दृष्टीनें आयुष्याची मिळकत होती. आणि ती मिळकत तिच्या डोळ्यांदेखत महिन्यामहिन्यानें घटत चालली होती. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एके रात्रीं तिनें आपलें ताट पुढें सरकविलें आणि ती म्हणाली, "खरं सांग. डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलंय का रे? माझ्यापासून लपवतोस?" आम्हीं तपासणीचे कागद दाखविले. कागदांनीं तिचें समाधान झालें नाहीं. "तू भुकेला उठतोस आणि मी पोटभर जेवायचं?" असें म्हणून तिनें आपली दुसरी भाकरी टोपल्यांत परत ठेविली. असें कित्येक दिवस चाललें. पत्नीनें सांगितलें, डॉक्टरांनीं सांगितलें, पण उपयोग झाला नाहीं. आमचें वजन उतरावें आणि त्यापायीं आईनें अर्धपोटीं राहावें, असला सौदा आम्हांस मान्य होण्यासारखा नव्हता.

उपाय सांपडला तो अगदीं साधा. आमचा दुपारचा हिशेब दीड भाकरीचा आहे. त्यांतील एकच आम्ही आपण होऊन वाढून घेतों, आणि उरलेली अर्धी आईच्या आग्रहासाठीं राखून ठेवतों. ती म्हणते, "अर्धी तरी घे". आणि आम्ही ती घेतों. यांत फसवणूक नाहीं. हा हिशेब आम्हीं तिला पहिल्याच दिवशीं समजावून सांगितला. तिनें ऐकून घेतलें, थोडी हंसली, आणि दुसऱ्या दिवशीं तितक्याच कळकळीनें म्हणाली, "अर्धी तरी घे." त्या आठवड्यापासून ती पूर्ववत् जेवूं लागली. तिला आमच्या पोटांत अधिक अन्न घालावयाचें नव्हतें. तिच्या हातचें नाकारलें जाऊं नये, एवढेंच तिला हवें होतें.

आज आमचें वजन ७९ किलो असून गेलें वर्षभर तें तेथेंच आहे. उंचीशीं ताडून पाहतां आंकडा सत्तावीसच्या वर येतो. म्हणजे तक्त्याप्रमाणें आम्ही अद्यापि स्थूलच आहों. त्याचें आम्हांस वैषम्य नाहीं. रक्तांतील साखर उंबरठ्यावरून मागें सरली आहे, आणि ज्या पद्धतीनें ती सरली ती मोडण्याची इच्छा होत नाहीं, हीच आमच्या मतें खरी कमाई. आमच्या आईच्या पिढीनें निसर्गानें हिरावून घेतलेली भाकरी पाहिली. आमच्या पिढीस ती स्वतःच्या हातानें मागें सारण्याची वेळ आली आहे. या दोहोंतील अंतर तिला पटावयास काळ लागला, आणि तें स्वाभाविकच होतें. परंतु आतां नातवाच्या पानांत वाढतांनाहि ती एकदांच आग्रह करते आणि थांबते. आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं एवढाच पायंडा पाडला, आणि तरुण मंडळींनीं त्या एका आग्रहाची जागा आपल्या हिशेबांत आधींच धरून ठेवली, तर अन्नहि उरणार नाहीं आणि मनहि दुखावणार नाहीं.