शेजारच्या मेजावरचा पगार

दुसऱ्याचे पत्र वाचू नये, दुसऱ्याचे ताट पाहू नये आणि दुसऱ्याचा पगार विचारू नये, असे तीन दंडक आमच्या वडिलांनी आम्हां भावंडांना लहानपणीच घालून दिले होते. पैकी पहिले दोन आम्ही आजवर पाळीत आलो आहो. तिसराही पाळीतच होतो. पण २०२५ च्या जुलै महिन्यात तो आमच्या हातून मोडला, आणि तोही आम्ही अवाक्षर न विचारता!

हकीकत अशी. पुण्याजवळच्या एका खासगी कारखान्याच्या हिशेबखात्यात आम्ही २००६ सालापासून काम करीत आहो. त्या खात्यात २०२५ च्या जानेवारीत एक नवा तरुण आला. वय सव्वीस, अनुभव तीन वर्षांचा, वृत्ती नम्र. पहिल्याच दिवशी त्याने आम्हांला 'काका' म्हणून हाक मारली व आमच्या शेजारचे मेज त्याला मिळाले. त्याला खात्याच्या खाचाखोचा समजावून देण्याचे काम वरिष्ठांनी आमच्याकडे सोपविले, आणि आम्ही ते हौसेने पत्करले. कारण न विचारता शिकविणे हा आमच्या घराण्यातील पिढीजात दोष आहे.

जुलैत प्राप्तिकराची विवरणपत्रे भरण्याची घाई सुरू झाली. वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेल्या माणसाला दोन ठिकाणांहून दोन फॉर्म १६ मिळतात. दोन्ही मालकांनी करमाफीची तीच सवलत आपापल्या हिशेबात धरलेली असते, आणि बेरीज केल्यावर कर कमी कापला गेल्याचे ध्यानात येऊन नवखा मनुष्य घाबरतो. तसाच घाबरून हा तरुण आमच्याकडे आला व त्याने दोन्ही कागद विश्वासाने आमच्यापुढे ठेवले. दुसऱ्या कागदावर आमच्याच कारखान्याचे नाव होते आणि खाली जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचे वेतन : १,३५,००० रुपये. हिशेबनिसाच्या डोळ्यांना भागाकार करण्यास कागद लागत नाही. दरमहा ४५,०००! आमचा पगार त्या दिवशी ३८,८०० होता. पगारपत्रके मुंबईच्या मुख्य कचेरीतून तयार होऊन येत असल्यामुळे ही गोष्ट आम्हांला तोवर ठाऊक होण्याचे कारण नव्हते.

त्याचे विवरणपत्र आम्ही बिनचूक भरून दिले, एवढे आमच्या बाजूने नमूद करून ठेवतो. पुढचे नमूद करण्यास संकोच वाटतो.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही माडीवर कागद घेऊन बसलो. २००६ मध्ये ९,००० वर लागलो. वर्षाला शेकडा आठ वाढ, एकोणीस वेळा. उत्तर ३८,८०० च्या घरात येते. चूक कोठेच नाही. प्रत्येक एप्रिलात वाढीचे पत्र हाती पडले की आम्ही देवापुढे पेढे ठेवीत आलो होतो. पण आम्ही जिना चढत असता बाहेर बाजार पाळण्याने वर जात होता, हे आमच्या गावीही नव्हते. आत असलेल्याला जुन्या पगारावर टक्के मिळतात आणि बाहेरून येणाऱ्याला त्या दिवसाचा भाव मिळतो. एवढ्या साध्या गणितात आमची एकोणीस वर्षे बसलेली होती. पिकते तेथे विकत नाही, दुसरे काय!

आमचे वडीलबंधू केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले. त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, आमच्याकडे कनिष्ठाचे वेतन ज्येष्ठाच्या वर गेले तर काही अटींवर ज्येष्ठाचे वेतन त्याच्या बरोबरीला आणून देण्याचा नियम आहे. अर्ज करता येतो. तुझ्याकडे काय आहे?" आमच्याकडे काय होते? आमच्याकडे निष्ठा होती!

पुतण्या अर्थशास्त्र शिकतो. त्याने वेगळीच गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये एका वृत्तपत्राने सरकारी नोकरांचे पगार सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध केले. तेव्हा तेथील विद्यापीठातल्या काही नोकरांना त्याची मुद्दाम जाणीव करून देऊन अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचे मन अजमावले व २०१२ मध्ये निष्कर्ष छापला. ज्यांचे वेतन बरोबरीच्या लोकांच्या मध्यापेक्षा कमी होते, ते असंतुष्ट झाले व दुसरी नोकरी शोधण्याची भाषा बोलू लागले. ज्यांचे अधिक होते, त्यांचे समाधान मात्र काडीभरही वाढले नाही. "म्हणजे काका, हे ज्ञान दुःखच देतं," असे म्हणून तो झोपावयास गेला. आम्ही मात्र जागे राहिलो.

आता संकोचाची गोष्ट. ऑगस्टच्या विसाव्या तारखेपर्यंत जी.एस.टी.चे मासिक विवरण भरावयाचे होते, आणि एका पुरवठादाराची रक्कम काही केल्या जुळेना. त्या पुरवठादाराची महाराष्ट्रात एक व गुजरातेत एक अशी दोन नोंदणी आहेत आणि त्याची बिले वरचेवर एकीच्या जागी दुसरीत पडतात, हे खात्यात एकट्या आम्हांला ठाऊक होते. तरुणाने विचारले, "काका, हे कुठे अडत असेल?" आम्ही चष्मा पुशीत म्हणालो, "पाहा, संगणकात सापडेल." आणि सहाच्या ठोक्याला घरी निघून आलो. मनात म्हटले, पंचेचाळीस हजारांचा मनुष्य आहे, शोधील! दोन रात्री तो नऊ नऊ वाजेपर्यंत बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहाचा पेला आमच्या मेजावर आणून ठेवला व म्हणाला, "सापडलं, काका. दोन नोंदणी आहेत त्यांच्या. काल तुम्हांला फोन करणार होतो, पण म्हटलं, रोज किती त्रास द्यायचा."

चहा घशाखाली उतरेना. एकोणीस वर्षांत आमच्या हातून आकड्यांच्या चुका झाल्या असतील, पण हिशेब दडवून ठेवल्याची ही पहिलीच वेळ होती. ज्याने आमचा काही अपराध केला नव्हता, त्याच्याकडून आम्ही वसुली करीत होतो, आणि ज्यांनी पगार ठरविला त्यांना रोज सकाळी हसून नमस्कार करीत होतो!

आमच्यासारख्या घरांत पैशाची बोलणी करणे हलकेपणाचे मानतात. त्याला आधार म्हणून आपण मोठमोठी नावे घेतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वीस वर्षे शिकवीत. गोपाळराव गोखले तसेच शिकवून १९०२ मध्ये निवृत्त झाले, हे कोणत्या पुणेकराला माहीत नाही? आम्हीही आमच्या मनातल्या मनात त्याच पंक्तीला पाट मांडून बसलो होतो. पण त्या रात्री ध्यानात आले की, ते पंचाहत्तर सर्वांना सारखे होते, सर्वांना ठाऊक होते, आणि ज्याने घेतले त्याने ते समजून उमजून घेतले होते. सभासदांनी बाहेर मिळकत करावी की नाही, यावरून तेथेही उघड वाद झाले, आणि टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला त्यामागे हाही एक मुद्दा होता. त्या थोर माणसांनाही पैशाविषयी बोलण्याची लाज वाटली नाही. उलट, १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागलेल्या जगदीशचंद्र बसूंना युरोपियन प्राध्यापकांहून कमी वेतन देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी तीन वर्षे शिकविले, पण पगाराला स्पर्श केला नाही. अखेर त्यांना पूर्ण वेतन मागील बाकीसह मिळाले. त्यांना कोणी लोभी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. जाणून सोडले तर त्याला त्याग म्हणावे; ठाऊकच नव्हते म्हणून सुटले, त्याला त्याग म्हणण्याचा आम्हांला काय अधिकार?

त्या दिवशी दुपारी आम्ही तरुणाला बाजूस घेऊन सांगितले, "ती दोन नोंदणींची गोष्ट मला ठाऊक होती. मुद्दामच सांगितली नाही." कारणही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मला माहीत नव्हतं हो तुम्हांला किती मिळतात. मी अठ्ठेचाळीस मागितले होते. मागताना हात थरथरत होते. शिक्षणाच्या कर्जाचे बारा हजार दर महिन्याला जातात, म्हणून मागावेच लागले. तुम्ही किती मागितले होते?"

आम्ही? आम्ही मागितलेच नव्हते! एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

सप्टेंबरात आम्ही मॅनेजरांची वेळ मागून घेतली. तरुणाचा आकडा तोंडातून काढावयाचा नाही, असे घरूनच ठरवून गेलो होतो. तो आम्हांला विश्वासाने कळला होता, आणि विश्वासाने कळलेल्या गोष्टीचे हत्यार करीत नाहीत. आमच्या कामाच्या जागांसाठी आलेल्या जाहिरातींची कात्रणे व आम्ही करीत असलेल्या कामांची यादी एवढेच नेले. ती यादी लिहिताना दोन पृष्ठे झाली, याचे नवल आम्हांलाच अधिक वाटले. मॅनेजरांनी ती शांतपणे वाचली व म्हणाले, "खरं आहे. पण तुम्ही कधी बोललाच नाहीत. आम्हांला वाटलं, तुम्ही समाधानी आहात."

ऑक्टोबरपासून ४,००० वाढले. मागील वर्षांचे काही मिळाले नाही, मिळणारही नव्हते. शेजारच्या मेजाची बरोबरी अजून झालेली नाही. २,२०० ची तफावत आहे आणि कधी कधी, विशेषतः महिनाअखेरीस, ती बोचते. नाही म्हटले तर ते खोटे होईल. पण त्या दोन पृष्ठांची एक प्रत आम्ही तरुणाला दिली, आणि खात्यातल्या ज्या गोष्टी एकट्या आमच्या डोक्यात होत्या त्या एका वहीत त्याच्यासाठी उतरवून काढण्यास घेतल्या आहेत. पहिल्या पानावर त्या पुरवठादाराच्या दोन नोंदणी आहेत.

आमचा मुलगा पुढील वर्षी नोकरीस लागेल. वडिलांचे तीन दंडक आम्ही त्याला सांगितलेच आहेत. दुसऱ्याचा पगार विचारू नये हे खरेच. त्यात आम्ही बदल करणार नाही. फक्त त्याच्याखाली आमच्या हाताने एक ओळ वाढविली आहे : आपला मात्र विचारावा, आणि एकोणीस वर्षे थांबू नये.