गळ्यातला आवंढा

रडू आधी डोळ्यांत येत नाही, गळ्यात येतं. जिभेच्या मुळाशी काहीतरी घट्ट होतं, कानशिलं तापतात आणि पुढच्याच शब्दाला आवाज चिरकतो. शाळेत ‘श्यामची आई’तला धडा मोठ्यानं वाचायची पाळी माझ्यावर आली, की वर्ग आधीपासूनच मागे वळून बघायला लागायचा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्या पुस्तकातल्या ‘रात्री’, म्हणजे त्यातली प्रकरणं, लिहून काढल्या. त्या वाचून बायाबापड्यांनी डोळे पुसले तर कौतुक. मी पुसले, तर ‘पोरीसारखा काय रडतोस?’ आमचे काका पाहुण्यांना माझी ओळखच ‘हा आमच्याकडचा नळ’ अशी करून द्यायचे.

नोकरी लागल्यावर नळ बंद ठेवायचा चंगच बांधला. साहेब बोलायला लागले की टेबलाखाली अंगठ्याचं नख बोटात रुतवायचं आणि वरच्या पंख्याकडे बघत राहायचं. जमायचंही. पण दिवसभर गिळलेलं संध्याकाळी घरी निघायचं, तेही राग होऊन. आमटीत मीठ कमी पडलं एवढ्यावरून ताट सरकवलं जायचं. आम्हा हळव्या मंडळींना आपल्या जिवाला काय लागलं ते बरोबर कळतं. आपल्याला जपता जपता घरचे किती दमले, ते मात्र सांगावं लागतं. हळवा म्हणजे मनानं चांगला, ही पदवी आमची आम्हीच घेतलेली.

इलेन एरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं अतिसंवेदनशील माणसांवरचं पुस्तक १९९६ साली आलं. त्यांच्या अंदाजानं शंभरातली पंधरा-वीस माणसं अशी असतात; हा आजार नव्हे, जन्मजात स्वभाव. यानं बरं वाटलं, पण कामाला आलं ते दुसरंच. अशा माणसाला आवाज, उजेड, गर्दी, भूक यांचाही भार होतो, असं त्या म्हणतात. तेव्हा कुठे हिशेब लागला. लग्नात मुलीच्या पाठवणीला मी हमसाहमशी रडायचो, त्यातलं निम्मं रडू तिच्यासाठी असेल. बाकीचं आदल्या रात्रीचं जागरण, डीजे आणि चारला बसलेली पंगत यांचं!

खऱ्या दुःखाच्या निम्म्या रडण्याला मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस उपयोगी पडले. त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत नेटानं मांडली. ‘हे मला सहनच होत नाही’ असं मनात आलं, की ‘हे मला मुळीच आवडलेलं नाही’ असं म्हणून बघायचं. दुःख जात नाही, पण त्याचा कडेलोट टळतो.

आवंढा अजून येतोच. आता मी पंखा बघत नाही. ‘दोन मिनिटं थांबा, आवाज भरून आलाय,’ असं सांगतो, पाणी पितो आणि राहिलेलं वाक्य पुरं करतो. ऑफिसात असं पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा शेजारच्यानं आपली बाटली पुढे सरकवली आणि विषय पुढे गेला.

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. ताईला सांगून ठेवलंय, मी स्पीकरपाशी बसणार नाही, पहिल्या पंगतीला जेवून घेणार आणि पाठवणीला रडणार. ती म्हणाली, ‘रड रे बाबा, फक्त फोटोत पुढे येऊ नकोस.’