कशावरून?

शेताच्या बांधावर हिंडण्याची नोकरी करताना माझी उमर गेली. शेतकरी नाना प्रश्न विचारतात. खत कोणते, फवारा कितीदा, पेरणी कधी. पण जो प्रश्न मला सगळ्यांत आधी विचारायला हवा, तो क्वचितच कोणी विचारतो. तो प्रश्न मला कॉलेजात एका सरांनी शिकवला आणि माझ्या वडिलांनी पाठ करून घेतला. त्याचीच ही गोष्ट.

साल १९८९. मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. सोलापूरकडच्या कोरडवाहू गावातला मुलगा, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. बियाण्याची उगवण तपासण्याचे प्रात्यक्षिक होते. गव्हाचे १०० दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे, चौथ्या दिवशी एकदा आणि आठव्या दिवशी शेवटचे मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. काम सोपे, पण प्रयोगशाळेत जायचा कंटाळा. वसतिगृहात वरच्या वर्गातल्या एका मुलाची जुनी वही फिरत होती. तिच्यात ९६ आकडा होता. मी ९६ लिहून मोकळा झालो. वर्गातल्या बहुतेकांनी ९५, ९६, ९७ असेच काहीतरी लिहिले.

सरांनी त्या वर्षी मुद्दाम निम्मे मेलेले बियाणे दिले होते!

वह्या परत आल्या तेव्हा माझ्या ९६ च्या पुढे तांबड्या शाईत एकच शब्द होता, ‘कशावरून?’ सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “उद्या तुम्ही साहेब व्हाल. तुमच्या ९६ वर विसंबून कोणीतरी पेरील. त्याचे उगवले नाही तर तो तुमच्या दारात येणार नाही. तो नशिबाला बोल लावील.”

त्या दिवसापासून तो शब्द डोक्यात भुंग्यासारखा शिरला. परीक्षेच्या आधी वसतिगृहात बोलवा उठली की अमुक धडा यंदा येणारच नाही. पाच जणांनी मला छातीठोकपणे सांगितले. मी प्रत्येकाला विचारत गेलो, “तुला कोणी सांगितले?” पाचही बोटे एकाच मुलाकडे गेली, आणि त्याने नुसता अंदाज बांधला होता. म्हणजे साक्षीदार पाच नव्हते, एकच होता, तोही न पाहिलेला. मी तो धडा वाचला. पेपरात त्यावर प्रश्न आला.

झाले, मला शिंगे फुटली. गणपतीच्या सुट्टीत घरी गेलो. रब्बीच्या पेरणीची तयारी चालली होती. आबांनी नेहमीप्रमाणे घरचेच मालदांडी ज्वारीचे बी ठेवले होते. खळ्यावर कणसे निवडून, राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरलेले. मी म्हणालो, “आबा, हे जुनाट बी टाका. ते जोमाने उगवणार नाही. दुकानातून पिशव्या आणू.” पिशव्या आणायच्या म्हणजे उधारी करायची. माझ्या फीसाठी आधीच उसनवारी झाली होती. आई गप्प बसली. आबांनी शांतपणे विचारले, “उगवनार न्हाई, ही पुस्तकात हाय, का तू बघितलंस?”

माझी मान खाली गेली. तांबडी शाई माझ्या आधी घरी येऊन बसली होती!

शेजाऱ्यांनी दुकानातली पिशवी आणली होती. त्यांच्याकडून मूठभर बी मागून घेतले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत घरचे १०० दाणे मांडले, दुसऱ्या गोणपाटावर दुकानचे १००. ज्वारीची मोजणी चौथ्या आणि दहाव्या दिवशी करायची असते. माझी सुट्टी संपली. आबांना मोजायचे सांगून मी निघालो. मनात म्हटले, कुठले मोजतात!

अकरा-बारा दिवसांनी वसतिगृहावर पोस्टकार्ड आले. आबा जेमतेम दुसरी शिकलेले. पेन्सिलीने वाकडेतिकडे लिहिले होते. चौथ्या दिवशी आपले ७१, दुकानचे ७४. दहाव्या दिवशी आपले ८८, दुकानचे ९१. आपल्यातले सात कुजले, पाच तसेच राहिले. दिव्याशी धरून दोनदा मोजले.

ते कार्ड वाचून मला माझ्या ९६ ची जेवढी लाज वाटली, तेवढी सरांपुढेही वाटली नव्हती.

कार्ड घेऊन सरांकडे गेलो. विचारले, “दुकानचे सरस ठरले ना?” सर म्हणाले, “आणखी शंभर-शंभर दाणे मांडले तर कदाचित उलटे येईल. तीन दाण्यांवर निकाल द्यायचा नसतो. ज्वारीला ७५ लागतात. दोन्ही बी पेरण्याजोगे आहे. पण घरच्या बियाण्यात काणी नाही, हे या मोजणीतून कळले का?” नव्हते कळले. काणीचा रोग बियाण्याला चिकटून येतो, तरी दाणा उगवतोच. आपण जेवढे विचारतो, तेवढेच उत्तर मिळते. मी घरी कळवले, पेरण्याआधी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा. आबांचे उत्तर आले, ‘चोळतो. चार ओळी मात्र बिनगंधकाच्या ठेवतो.’

सरांना दाखवले तर ते हसले. म्हणाले, “इंग्लंडात रोथॅमस्टेडला गव्हाचा एक पट्टा १८४३ पासून बिनखताचा राखला आहे. खताने काय साधले, हे बिनखताच्या पट्ट्याशिवाय कसे कळणार? तुमच्या वडिलांना हे कोणी शिकवले?”

त्या हंगामात काणीची कणसे दिसली ती जवळजवळ सगळी त्या चार ओळींत. पुढे आबांनी एकही साल गंधक चुकवले नाही. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतः पाहिले म्हणून. आणि त्या साली बियाण्याची उधारीही झाली नाही.

आता आबा नाहीत. गेल्या वर्षी कॉलेजात शिकणारी पुतणी मोबाइलवर एका फवाऱ्याची जाहिरात बघत होती. ‘उत्पन्न दुप्पट’ म्हणे. मी लगेच सांगू लागलो, हे सारे थोतांड. ती म्हणाली, “काका, तुम्ही मारून बघितलंय का?” नव्हते बघितले. न बघता खरे मानणे जसे चूक, तसे न बघता खोटे म्हणणेही चूकच. तिने चार ओळींवर फवारा मारला, शेजारच्या चार ओळी तशाच ठेवल्या. दोन्हींकडचे दाणे वेगवेगळे वजन केले. काट्यावर सांगण्यासारखा फरक निघाला नाही. एका हंगामाचा हा अनुभव. पण सारे रान आणि सारा पैसा वाचला.

आपल्याकडे म्हणतात, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. मी म्हणतो, जनालाही विचारावे आणि मनालाही विचारावे, कशावरून? तुमच्या घरचा मुलगा-मुलगी हा प्रश्न विचारू लागली, तर त्याला उद्धटपणा समजू नका. फक्त तोच प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारावा, एवढे बघा.

आणि पुढच्या खेपेला मी तुमच्या बांधावर येऊन काही सांगू लागलो, तर मलाही विचारा. मला राग येणार नाही. येऊ लागला, तर आबांचे पोस्टकार्ड अजून माझ्या पाकिटात आहे.