कोऱ्या कव्हरच्या रेकॉर्डी



आषाढ लागायच्या आत आपल्या सगळ्यांकडे एकच गडबड असते. कपाटं रिकामी करायची, डाळी-धान्याला ऊन दाखवायचं, रजया तापवायच्या. एकदा बुरशी आली की ती पुसणं म्हणजे अनंत जीवांची विराधना, म्हणून ती येऊच नये अशी तजवीज आधी करायची. आमच्या भिवंडीत तर पावसाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो. माझ्या यादीत सगळ्यात शेवटी असतात ‘यांच्या रेकॉर्डी’. त्यांना ऊन चालत नाही, वाकतात. एकावर एक रचूनही चालत नाही, उभ्याच ठेवाव्या लागतात. फक्त पुठ्ठ्याची कव्हरं पंख्याखाली वाळवून घ्यायची.

चाळीस वर्षं हे काम करते आहे, पण मोजल्या मात्र यंदाच. यंदा आम्ही दोघांनी बारा व्रतं घ्यायचं ठरवलं. पाचव्या व्रताच्या पानावर परिग्रहाची मर्यादा आकड्यात लिहायची असते. भांडी, कपडे, दागिने लिहून झाले. रेकॉर्डी निघाल्या २१४. त्यातल्या ३७ कोऱ्या कव्हरच्या. त्या ३७ रेकॉर्डींनी माझी झोप उडवली, तेच आज सांगते.

यांचा सुताचा व्यापार. पूर्वी वसुलीसाठी काळबादेवीला जावं लागे. एसटीने कल्याण, तिथून लोकल. शुक्रवारी आमचे माग बंद, म्हणून हे शुक्रवारीच जात. आणि शुक्रवारीच चोरबाजारात जुन्या मालाचा मोठा बाजार भरतो! वसुलीच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते चौकोनी काय असतं, याचा उलगडा मला लग्नानंतर सहा महिन्यांनी झाला.

यांना वेड इंग्लंडच्या लेड झेपेलिन या बँडचं. १९६८ साली सुरू झाला, १९८० मध्ये त्यांचा ड्रमवाला जॉन बॉनम गेला आणि बँड बंद पडला. मला ते गाणं म्हणजे चार माग एकदम सुरू केल्यासारखं वाटतं. हे म्हणतात, “म्हणून तर आपल्याला आवडतं.” २६ जुलै २००५ ला आमच्या खालच्या खोल्यांत पाणी शिरलं, तेव्हा यांनी आधी रेकॉर्डी माळ्यावर चढवल्या आणि मग खातेवह्या. सासूबाई ते शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

आता कोऱ्या कव्हरचं प्रकरण. नेहमीच्या रेकॉर्डवर कंपनीचं नाव, नंबर, कलाकारांची नावं असतात. या ३७ वर तसं काही नाही. पांढरं कव्हर, त्यावर रबरी शिक्का नाहीतर झेरॉक्सचा कागद. यांना बूटलेग म्हणतात. बुटाच्या नळीत बाटली लपवून चोरटी दारू नेत, त्यावरून हा शब्द आला. हे कळल्यावर “माझ्या स्वयंपाकघरात तो शब्द नको,” असं मी बजावलं होतं.

१९६९ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला बॉब डिलनची कंपनीने न काढलेली गाणी कोणीतरी परस्पर छापून पांढऱ्या कव्हरात विकली. ‘ग्रेट व्हाइट वंडर’ असं तिचं नाव पडलं. पाठोपाठ लोक कार्यक्रमांना टेपरेकॉर्डर लपवून नेऊ लागले. झेपेलिनच्या ४ सप्टेंबर १९७० च्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमाची अशीच चोरटी रेकॉर्ड निघाली, ‘लाइव्ह ऑन ब्लूबेरी हिल’. छापायच्या थोड्याच, म्हणून दुर्मिळ आणि म्हणून महाग. बँडचे मॅनेजर पीटर ग्रँट अशा लोकांच्या अंगावर धावून जात. म्हणजे मालकाची मर्जी काय होती, ते उघडच आहे.

यांचा जीव मात्र मुंबईच्या रेकॉर्डिंगवर. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्या बँडमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले होते. इथल्या स्टुडिओत, इथलेच वादक घेऊन त्यांनी आपली ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी पुन्हा बसवली. वादकांना सांभाळायला बासरीवादक विजय राघव राव होते. ते रेकॉर्डिंग बँडने तेव्हा काढलंच नाही. टेप मात्र कुठूनतरी बाहेर पडली आणि चोरट्या रेकॉर्डींवर फिरत राहिली. बँडने स्वतः ते प्रसिद्ध केलं २०१५ मध्ये, ४३ वर्षांनी.

आता व्रतांकडे येते. एका संध्याकाळी मी यांना तिसऱ्या व्रताचे पाच अतिचार वाचून दाखवत होते. रोज प्रतिक्रमणात म्हणतो, पण अर्थाकडे लक्ष कुठे असतं? पहिलाच अतिचार ‘तेनाहडे’, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणं. मी थांबले. हे म्हणाले, “पुढे वाच.”

मी म्हटलं, “अहो, त्या ३७ रेकॉर्डी?”

“अगं, मी चोरी केलेली नाही. दुकानात पैसे मोजून घेतल्या. आणि जे कंपनी विकतच नव्हती, त्यात तिचं नुकसान काय? उलट कोणी जपलं नसतं, तर मुंबईच्या त्या वादकांचं काम इतकी वर्षं ऐकलं कोणी असतं?”

मुद्दा बिनतोड वाटला. पण मी बी.कॉम., मला हिशेब सुचतो. यांनी दिलेले पैसे कोणाच्या खात्यात जमा झाले? छापणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या. गाणाऱ्याच्या आणि त्या तबलेवाल्याच्या नावावर जमा शून्य. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, आणि कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क त्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला. पण आपलं व्रत तर फक्त एवढंच विचारतं, ‘ते दिलं होतं का?’ नुकसान झालं का, हा प्रश्न त्यात नाही. अदत्त म्हणजे न दिलेलं.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका तरुण संग्राहकाचा फोन आला. सगळ्या ३७ घेतो म्हणाला, आणि जो आकडा सांगितला त्यात आमचा वर्षभराचा किराणा आला असता. हे म्हणाले, “विकतो आणि सगळे पैसे जीवदयेला देतो. मिटलं!” मला ते पटेना. जे आपल्याला कोणी दिलेलंच नाही, ते विकून दान कसं करायचं? रात्रभर मी तळमळत होते.

सकाळी स्थानकात महासतीजींना विचारलं. वाटलं, यांना दोन शब्द ऐकवतील. त्यांनी मलाच विचारलं, “श्राविकाजी, तुमच्या कपाटात न दिलेलं काही नाही ना?”

नाही, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि कॅसेटी आठवल्या. सासूबाईंच्या वर्षीतपाच्या पारण्याला प्रभावना म्हणून मी स्तवनांच्या ५१ कॅसेटी वाटल्या होत्या. विकत घेतली होती एकच. बाकीच्या ५० दोन खणांच्या टेपवर रात्री जागून भरल्या, प्रत्येकीवर सुंदर अक्षरात नाव लिहिलं. सगळ्यांनी कौतुक केलं. ज्या बाईंनी ती स्तवनं गायली, त्यांना एका कॅसेटचे पैसे गेले. माझ्याही कॅसेटी कोऱ्या कव्हरच्याच होत्या, मैत्रिणींनो. फक्त त्यावर ‘धर्माचं काम’ असा शिक्का होता. आणि आता पुस्तकांच्या पीडीएफ आपण ग्रुपवर बिनदिक्कत पुढे ढकलतो, त्याचं काय?

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग दोघांनी मिळून ठरवलं. त्या ३७ विकायच्या नाहीत, कारण विकल्या की चोरीचा माल पुढच्या घरी जातो. फेकायच्याही नाहीत, मुंबईच्या वादकांबद्दलचं यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. परिग्रहाच्या आकड्यात त्या धरल्या, आणि कोरं कव्हर घरात नव्याने आणायचं नाही असे पच्चक्खाण यांनी घेतले. माझ्यापुरतं मी ठरवलं, प्रभावनेला जे द्यायचं ते मोजून किंमत देऊनच. ५१ जमत नसतील तर ११ द्यावेत.

मग यांनी बँडने काढलेला मुंबईच्या रेकॉर्डिंगचा अधिकृत संच मागवला. एका रविवारी सामायिक आटोपल्यावर तो लावला. पहिल्यांदाच मी शेजारी बसून ऐकलं. माग नव्हते, व्हायोलिनं होती आणि आपला तबला होता. बिल मी फाइलला लावलं आहे.

लिहिताना जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडं.