चौक लिहिणे

एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझी आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका अभ्यासकेंद्रावर मराठीचे स्वाध्याय तपासत असे. ‘माझ्या परिसरातील कलावंत’ या विषयावर डहाणू तालुक्यातील एका वारली विद्यार्थिनीने आपल्या आजीविषयी लिहिले होते. ‘आजी लग्नघरी चौक लिहिते’ हे वाक्य त्यात तीनदा आले होते. तिन्ही ठिकाणी मी ‘लिहिते’ खोडून ‘काढते’ केले आणि गुण कापले. चित्र काढतात, अक्षर लिहितात. भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या मला यात शंका घेण्यासारखे काही वाटले नाही.

संपर्क सत्रात ती हळूच म्हणाली, “मॅडम, आमच्यात चौक लिहितातच.”

संस्कृतातील ‘लिख्’ हा धातू पाहा. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे. चित्राला संस्कृतात ‘आलेख्य’ म्हणतात, आणि आपली ‘रेखा’ ही ‘लेखा’चीच बहीण. हे सारे मी वर्गात शिकवत होते. लाल पेन हाती घेतल्यावर मात्र विसरले.

मग ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. लग्न ठरले की भिंत शेणाने सारवून गेरूने रंगवतात. तांदूळ भिजवून वाटतात, बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला करतात, आणि सुवासिनी देवचौक लिहायला बसतात. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट. धवलेरी गाणी म्हणते. चौकावाचून लग्न लागत नाही.

“आजींना याची प्रेरणा कुठून मिळते?” मी विचारले. कलावंत भेटला की विचारायचा हा आपला ठरलेला प्रश्न. तिला तो कळेचना. “लग्न असतं ना, मॅडम. मग लिहावंच लागतं.”

हे उत्तर मला तेव्हा कोरडे वाटले. परंतु ‘प्रेरणा’ या शब्दात ‘ईर्’ धातू आहे. त्याचा अर्थ हलवणे, पुढे लोटणे. आपण प्रेरणेला अंतरीचा दिवा वगैरे करून टाकले आहे. शब्द बिचारा धक्क्याविषयीच बोलतो. आजीला तो धक्का लग्नघरातून येत असे. चौकाची रीत ठरलेली, तिथे फारशी मुभा नाही. चौकटीबाहेर मात्र तिचा हात मोकळा होई: तारपा वाजवणारा, ताडावर चढणारा, मुंग्यांची रांग. एका पावसाळ्यात दारापुढचा ताड उन्मळून पडला. पुढच्या लग्नात आजीने तो भिंतीवर उभा लिहिला. का, ते कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणू भागात कागद घेऊन गेले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखे पुरुषही ही चित्रे करू लागले. भिंतीला लग्न असते, कागदाला नसते. तिथे धक्का दुसरीकडून यावा लागतो. लहानपणी आई गेल्यावर म्हसे बोलेनासे झाले आणि धुळीत रेघा ओढू लागले, असे सांगतात. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे बहुधा त्या भिंतींबरोबरच पुसली गेली.

त्या विद्यार्थिनीचे गुण तोवर विद्यापीठाकडे पाठवून झाले होते. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन, असे मी तिला म्हणाले. दुसऱ्या स्वाध्यायात तिने पुन्हा आजीविषयीच लिहिले. अक्षर सुरेख होते, आणि सगळीकडे ‘काढते’ होते.